ऐच्छिक

'ऐच्छिक' हा शब्द प्रवेश-अर्जावर फार निरुपद्रवी दिसतो. अनिवार्य गोष्टी वर, त्याखाली एक रेघ आणि रेघेखाली ऐच्छिक विषयांची यादी. परंतु ज्याने नोकरी, घर आणि मुलेबाळे सांभाळून मुक्त विद्यालयाचा अर्ज भरला आहे, त्याला त्या रेघेचे वजन ठाऊक असते. यादीतल्या एका नावासमोर खूण करताना तो आपल्या संध्याकाळचे तास आणि खिशातले पैसे मोजत असतो. ज्याच्याजवळ दोन्ही मुबलक आहेत, त्याला निवड करताना फारसा विचार करावा लागत नाही. निवड कठीण होते ती तुटपुंज्या सामग्रीत.

संगणकाचेही असेच आहे. संगणकाचे यंत्र म्हणजे नुसता सांगाडा. त्याला चालवते ती ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजेच कार्यप्रणाली. कळ दाबली की अक्षर उमटणे, फाइल जपून ठेवणे, छपाईयंत्राला हुकूम देणे ही सारी तिची कामे. ही प्रणाली यंत्रात बसवताना एका टप्प्यावर ती आपल्यापुढे एक यादी ठेवते आणि विचारते की यांतले काय काय हवे? नव्या यंत्रावर बहुतेक लोक ही यादी न वाचताच पुढे जातात. जुन्या यंत्रावर मात्र ती अक्षर न् अक्षर वाचावी लागते.

माझ्या मते ही यादी मराठी माणसाने तर विशेष लक्ष देऊन वाचावी, कारण एके काळी आपली लिपीच तिच्यात रेघेखाली होती. मी पतपेढीत नोकरीला असताना, १९९०च्या सुमारास, संगणकावर देवनागरी दाखवण्यासाठी 'जिस्ट' नावाचे एक वेगळे कार्ड यंत्रात बसवीत. त्याची मुळे कानपूरच्या आय.आय.टी.त होती आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने ते घडवले. म्हणजे आपली अक्षरे त्या वेळी चक्क एक जादा सुटा भाग होती. २००१ साली विंडोज एक्सपी आली, तिच्यात कार्ड लागत नसे. तरी कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन, 'रिजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स' उघडून, 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'च्या चौकटीत स्वतः खूण करावी लागे, आणि बहुधा मूळ सीडीही घालावी लागे. खूण केली की प्रणाली बजावी : या भाषांसाठी दहा एमबी किंवा त्याहून अधिक जागा लागेल. अरबी, हिब्रू, थाई आणि आपल्या भारतीय लिप्या मिळून जागा ती केवढी, तर दहा एमबी! पण ती खूण कोणी केली नाही, तर पडद्यावर मराठीच्या जागी रिकाम्या चौकोनांची रांग दिसे. २००७ साली आलेल्या व्हिस्टापासून हा आधार मूळ प्रणालीतच सामावला गेला आणि ती खूण करण्याची गरज उरली नाही.

हे सारे मला पुन्हा आठवले ते २०२४च्या डिसेंबरात. इंदुरात मराठी वस्ती होळकरांच्या काळापासूनची. आमच्या भागात एक छोटे मराठी वाचनालय आहे आणि त्याच्या मागल्या खोलीत संध्याकाळी, शाळा अर्ध्यावर सुटलेल्या मोठ्या माणसांचा अभ्यासवर्ग भरतो. निवृत्तीनंतर मी तिथे शिकवायला जाते. एका कार्यालयाने भंगारात काढलेले तीन संगणक त्या वर्गाला मिळाले. त्यांपैकी दोन कोअर टू ड्युओ जातीचे, प्रत्येकी दोन जीबी रॅमचे. तिसरा पेंटियम फोर, ३२ बिटांचा, रॅम अवघी ५१२ एमबी. पहिल्या दोघांवर विंडोज ७ होती, जिचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला होता. तिसऱ्यावर होती ती एक्सपी, जिचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजीच संपलेला. पुसून टाकण्यापूर्वी मी तिसरे यंत्र एकदा सुरू करून पाहिले. माझ्या पेन ड्राइव्हवरच्या मराठी फाइलींची नावे त्याने चौकोनांत दाखवली. इतकी वर्षे ते यंत्र कुणीतरी रोज वापरले असेल, आणि ती दहा एमबींची खूण कुणाला करावीशी वाटली नव्हती.

'आधार संपला' या शब्दांनी पुष्कळ लोक गोंधळतात. यंत्र त्या दिवशी बंद पडत नाही. बनवणाऱ्याने त्या प्रणालीतली छिद्रे बुजवणे थांबवलेले असते, एवढाच त्याचा अर्थ. घर उभे असते, पण कुलूप तुटले तर दुरुस्त करायला कुणी येणार नसते. मग नवी प्रणाली घालावी, तर नवी प्रणाली जुन्या यंत्राला ओळख देत नाही. विंडोज ११ला निदान चार जीबी रॅम लागते, ६४ जीबी साठवण लागते आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय यंत्रात असावी लागते. आमच्या तिन्ही यंत्रांजवळ यांतले फारसे काही नव्हते. म्हणून आम्ही लिनक्सकडे, आणि त्यातही डेबियनच्या बाराव्या आवृत्तीकडे वळलो. डेबियन हे स्वयंसेवकांनी चालवलेले काम आहे. इयन मर्डॉक या तरुणाने १९९३ साली ते सुरू केले आणि नावात आपल्या मैत्रिणीचे, डेब्राचे, नाव आपल्या नावाला जोडले. ती विनामूल्य मिळते आणि ही बारावी आवृत्ती ३२ बिटांच्या यंत्रांवरही बसवता येत होती. तिच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिले आहे की चित्रमय पडद्यासह प्रणाली हवी असेल तर रॅम किमान एक जीबी आणि शिफारस दोन जीबींची, हार्ड डिस्कवर जागा दहा जीबी. दोन यंत्रे या हिशेबात जेमतेम बसत होती. तिसरे बसत नव्हते.

पहिला प्रश्न मात्र यादीच्या आधीच उभा राहिला. वाचनालयाच्या पुढल्या खोलीतून तार ओढणे शक्य नव्हते, म्हणून आम्ही वायफायचे छोटे यूएसबी उपकरण लावले. अशा उपकरणाला स्वतःची एक लहानशी आज्ञावली लागते, तिला फर्मवेअर म्हणतात. ती पुष्कळदा बनवणाऱ्या कंपनीच्या मालकीची असते आणि तिचा अंतर्भाग कुणाला पाहता येत नाही. जे खुले नाही ते आपल्या मूळ संचात ठेवायचे नाही, असा डेबियनचा वर्षानुवर्षांचा दंडक होता. तत्त्व थोर होते. पण त्याचा परिणाम असा होई की इंटरनेट चालण्यासाठी फर्मवेअर हवे आणि फर्मवेअर आणण्यासाठी इंटरनेट हवे. लग्न झाल्याखेरीज वेड जात नाही आणि वेड गेल्याखेरीज लग्न होत नाही, तशातली गत. अखेर २०२२ साली डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हे फर्मवेअर अधिकृत संचात घेण्याचे ठरवले, आणि १० जून २०२३ रोजी आलेली बारावी आवृत्ती ते बरोबर घेऊनच आली. तत्त्वाला मुरड घातली, असे काहींना वाटले असेल. मला तो निर्णय योग्य वाटतो. ज्याच्याजवळ दुसरे यंत्रच नाही, त्याला दारातून परत पाठवून खुलेपणाची शिकवण देता येत नाही. आमच्या यंत्राने वायफाय विनातक्रार ओळखले.

मग ती यादी आली. वर 'डेबियन डेस्कटॉप', त्याखाली डेस्कटॉपचे प्रकार, म्हणजे नोम, एक्सएफसीई, केडीई, सिनॅमन, मेट, एलएक्सडीई आणि आणखी दोघे. त्याखाली 'वेब सर्व्हर', 'एसएसएच सर्व्हर' आणि शेवटी 'नेहमीची उपयुक्त साधने'. प्रत्येकासमोर खूण करण्याची चौकट.

आमच्या वर्गात एकोणीस वर्षांचा एक मुलगा आहे. दिवसा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो, सगळे त्याला दादा म्हणतात. त्याचे बोट एव्हाना प्रत्येक चौकटीवरून फिरून झाले होते.

"ताई, सगळ्यांवर खूण करू. फुकटच तर आहे!"

फुकट असलेल्या वस्तूलाही वजन असते, हे त्याला तोंडाने सांगून पटले नसते. म्हणून एका यंत्रावर त्याला त्याच्या पसंतीचा नोम बसवू दिला. नोम दिसायला देखणा आहे, यात शंका नाही. पडदा उजळला, खिडक्या तरंगत उघडल्या आणि वर्गातल्या बायका-पुरुषांनी कौतुकाने माना हलवल्या. नंतर दादाने इंटरनेटचा ब्राउझर उघडला, त्याच्या जोडीला लेखनाचे पान उघडले आणि यंत्राच्या आतून कुरकुर ऐकू येऊ लागली. रॅम भरली की प्रणाली हार्ड डिस्ककडून जागा उसनी घेते. डिस्क रॅमच्या मानाने अतिशय सावकाश, त्यामुळे उसनवारी वाढली की सगळा व्यवहार ठप्प होतो. एकट्या नोमनेच, काहीही न उघडता, दोन जीबींपैकी निम्म्याच्या आसपास रॅम व्यापली होती. दादाने माउस हलवला आणि पडद्यावरचा बाण काही क्षणांनी हलला. तो काही बोलला नाही. त्याने स्वतःच यंत्र बंद केले, पेन ड्राइव्ह पुन्हा लावला आणि एक्सएफसीईच्या चौकटीत खूण केली.

एक्सएफसीई साधा आहे. खाली पट्टी, वर यादी, तरंगणे वगैरे काही नाही. पण रिकाम्या अवस्थेत तो पाचशे एमबींच्या आत राहिला आणि उरलेली जागा कामाला मोकळी मिळाली. 'वेब सर्व्हर' आम्ही सोडला. आपल्या यंत्रावरून जगाला पाने वाढायची असतील तरच त्याचा उपयोग. 'एसएसएच सर्व्हर'ही सोडला. त्यामुळे दुसऱ्या यंत्रावरून या यंत्रात शिरता येते. सोय मोठी आहे, परंतु ज्या दारातून कुणी यायचे नाही ते दार भिंतीत पाडूच नये. नेहमीची साधने ठेवली. या तीन निर्णयांना पाच मिनिटेही लागली नाहीत.

खरा वाद झाला तो एका लहानशा भागावरून. डेस्कटॉपबरोबर लिबरऑफिस हा कार्यालयीन कामाचा संच येतो. पत्रे लिहिण्यासाठी रायटर, हिशेबासाठी कॅल्क, माहिती साठवण्यासाठी बेस असे त्याचे वेगवेगळे भाग आहेत. "बेस कुणीच उघडत नाही, तो काढून टाकू," असे दादाने सुचवले, आणि त्याच्या बोलण्यात तथ्य होते. आमच्यापैकी कुणी तो उघडला नव्हता. पण कोपऱ्यातून काकूंनी हरकत घेतली.

काकूंचा पोळी-भाजीचा डबा पोचवण्याचा व्यवसाय आहे. आठवीत असताना त्यांची शाळा सुटली. दहावीसाठी त्यांनी घेतलेल्या विषयांत 'डेटा एन्ट्री ऑपरेशन्स' होता, आणि त्याची प्रात्यक्षिक परीक्षा असते. पुस्तकात 'मेल मर्ज' नावाचा धडा आहे. एकच पत्र, पण प्रत्येक प्रतीवर वेगळे नाव आणि वेगळा पत्ता आपोआप यावा, यासाठीची ती युक्ती. काकूंना तो धडा परीक्षेसाठी हवा होताच. शिवाय सत्तर गिऱ्हाइकांची महिन्याची बिले त्या हाताने लिहीत आल्या होत्या, त्यांना त्यातून सुटका हवी होती. आणि डेबियनवर गंमत अशी की मेल मर्ज दिसते रायटरमध्ये, पण नावे-पत्त्यांच्या तक्त्याशी त्याची गाठ घालून देतो तो बेस. बेस काढला की रायटर तसाच उघडतो, तसेच लिहितो. फक्त तो एक धडा चालत नाही.

"कुणीच उघडत नाही म्हणजे कुणाला लागत नाही असं नाही रे," काकू म्हणाल्या, "हिंगाची डबी मी रोज कुठं उघडते? पण वरणाला विचार."

बेस राहिला.

त्यांची दुसरी चिंता मात्र यादीने सुटणारी नव्हती. पुस्तकातली चित्रे वेगळ्या प्रणालीची होती, तिथली आज्ञांची नावे आणि जागा थोड्या निराळ्या. त्यावर काकूंनी आपली वही काढली, मधोमध उभी रेघ ओढली आणि डावीकडे पुस्तकातली आज्ञा, उजवीकडे इथली आज्ञा असा कोश तयार करायला घेतला. आमच्या वर्गात तो कोश आता इतरांच्याही उपयोगी पडतो.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत शहाणपणाची वाटते. डेबियनमध्ये प्रत्येक आज्ञावलीच्या पुडक्यावर तिचे इतरांशी असलेले नाते लिहिलेले असते आणि ते नाते तीन पायऱ्यांचे असते. पहिली पायरी 'अवलंबून' : हे नसेल तर मी चालणारच नाही. दुसरी 'शिफारस' : याच्याशिवाय मी चालेन, पण बहुतेकांना माझ्याबरोबर हे लागेलच. तिसरी 'सुचवणी' : हेही असले तर बरे. नेहमीच्या रीतीत पहिल्या दोन पायऱ्या आपोआप बसतात आणि तिसरी आपण मागितली तर. जागेची फारच ओढ असेल तर दुसरी पायरीही बंद करता येते. नुसते 'आवश्यक' आणि 'ऐच्छिक' असे दोन कप्पे करण्यापेक्षा ही रीत मला माणसाच्या जगण्याच्या अधिक जवळची वाटते. घरखर्च चालवणाऱ्या कोणत्याही बाईला ती न शिकवता समजेल. तरी एक प्रश्न उरतोच : 'बहुतेकांना' म्हणजे कुणाला? शिफारस लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जो माणूस असेल, त्याच्या गरजेप्रमाणे ती लिहिली जाते.

हा प्रश्न आमच्या खोलीत नावारूपाने हजर होता. वर्गाला गणित शिकवायला एक निवृत्त गुरुजी येत. काचबिंदूने त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. गणित ते तोंडी शिकवीत आणि अजूनही कुणाला त्यांच्या पुढे जाता येत नसे. संगणक आला तेव्हा ते मागच्या बाकावर जाऊन बसले. डेबियनमध्ये 'ओर्का' नावाचा पडदावाचक मिळतो. पडद्यावर जे असेल ते तो मोठ्याने वाचून दाखवतो, आणि त्याला आवाज पुरवणाऱ्या 'ईस्पीक'मध्ये मराठीचाही समावेश आहे. प्रणाली बसवण्याचे कामसुद्धा आवाजाच्या आधाराने करता येते. सुरुवातीच्या पडद्यावर 'एस' ही कळ दाबून एंटर दिले की यंत्र बोलू लागते.

"एकट्यासाठी एक यंत्र अडकवायचं का?" असे कुणीतरी विचारले. विचारणारा वाईट माणूस नव्हता, अकरा जणांत दोन यंत्रे वाटून घ्यायची होती. मी म्हटले की यंत्र अडकत नाही. ओर्का बसवून ठेवायचा, गुरुजी आले की सुरू करायचा, गेले की बंद. मग दुसऱ्या यंत्रावर आम्ही एक्सएफसीईऐवजी मेट घेतला. तो किंचित अधिक जागा घेतो, परंतु ओर्काशी त्याचे चांगले जुळते. इतर दहा जणांना त्याने काही फरक पडला नाही. ईस्पीकचा आवाज यांत्रिक आहे, जोडाक्षरांवर ठेचकाळतो, आणि मराठी वाक्य असे उच्चारतो की ते जणू टपालाच्या तारेत आले आहे. गुरुजींनी पहिल्या दिवशी तो दहा मिनिटे ऐकला आणि म्हणाले, "उच्चार सुधारायला हवेत, पण विद्यार्थी मेहनती दिसतो." दुसऱ्या दिवशी ते पुढच्या बाकावर बसले.

मराठीसाठी काय हवे, हे मी स्वतः पाहिले. प्रणाली बसवताना भाषा म्हणून मराठी निवडता येते, आणि मग तिच्यासाठीचे काही भाग ती आपण होऊन जोडते. तरी कळफलक आणि फॉन्ट डोळ्यांनी तपासून घ्यावे. कळफलकासाठी आम्ही इन्स्क्रिप्ट ठरवला. भारत सरकारने १९८६ साली प्रमाणित केलेली ही मांडणी साऱ्या प्रमुख भारतीय लिप्यांना एकच आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. तिच्यात इंग्रजीची के, सी आणि एन या कळा ओळीने दाबल्या की 'कमल' उमटते. सुरुवातीला तिचा कंटाळा येतो, पण आठ दिवसांत बोटे तिला सरावतात. फॉन्ट तपासण्यासाठी माझी एक ठरलेली ओळ आहे. तिच्यात 'दुसऱ्या'तला 'ऱ्य' असतो, 'बाळ'मधला 'ळ' असतो आणि 'ॲप'मधला 'ॲ' असतो. हा 'ॲ' युनिकोडच्या संचात २००८ साली आला, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टांत तो सापडत नाही. शिवाय 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ साली त्यांचे प्रमाण रूप ठरवून दिले. मध्य प्रदेशात वाढलेल्या आमच्या मुलांना दोन्ही वळणे वाचता येतात, पण लिहिताना आपले कोणते हे त्यांना दिसायला हवे. लोहित या मुक्त फॉन्टसमूहात मराठीसाठी वेगळा फॉन्ट आहे. तो आम्ही दोन्ही यंत्रांवर घेतला.

राहिले तिसरे यंत्र. ५१२ एमबी रॅम. शहाणा सल्ला असा होता की त्याच्यावर डेस्कटॉप बसवूच नये, नुसता अक्षरांचा काळा पडदा ठेवावा. इंग्रजीत काम करणाऱ्याला हा सल्ला उत्तम आहे. कितीतरी मोठी कामे जगात त्या काळ्या पडद्यावर चालतात. पण त्या पडद्याला एका वेळी फार तर ५१२ अक्षर-आकार ठेवता येतात आणि अक्षरे एकापुढे एक मांडण्यापलीकडे त्याला काही येत नाही. आपल्या लिपीत 'कि' लिहिताना इकार नंतर टंकला जातो आणि दिसतो मात्र आधी. 'क्ष', 'स्त्र', 'ऱ्य' यांत अक्षरे एकमेकांत मिसळून नवा आकार घेतात. हे जुळवण्याचे काम लिनक्समध्ये 'हार्फबझ' नावाची आज्ञावली करते. तिच्या नावातला 'हर्फ' म्हणजे फार्सीत अक्षर. ती चित्रमय पडद्यावर राबते, काळ्या पडद्यापर्यंत पोचत नाही. म्हणजे या यंत्रावर काटकसर करायची तर पहिला बळी मराठीचा जाणार होता. एक्सपीच्या चौकोनांपासून सुटलेले यंत्र आपणच पुन्हा चौकोनांत नेऊन ठेवायचे, हे मला मान्य नव्हते.

दादाला ही गोष्ट लागली. त्याने यादीतल्या सर्व डेस्कटॉपांवरच्या खुणा काढल्या आणि फक्त नेहमीची साधने ठेवून प्रणाली बसवली. मग शिफारशींची दुसरी पायरी बंद करून एकेक भाग नाव घेऊन मागवला. आधी पडदा रंगवणारा एक्स-ऑर्ग, मग खिडक्या सांभाळणारा चिमुकला आइस-डब्ल्यूएम, मग लेखनाचे एक साधे साधन. शिफारशी बंद असल्या की मराठीचा फॉन्ट आपोआप येत नाही, तोही मागावा लागतो. त्याने लोहितचे नाव टंकले. दोन संध्याकाळी गेल्या. ब्राउझर त्याने मुद्दाम घेतला नाही. आजची संकेतस्थळे एवढ्या रॅममध्ये उघडणे व्यर्थ आहे. अखेर यंत्र सुरू झाले तेव्हा दीडशे एमबींच्या आत सारा संसार मांडलेला होता. दादाने माझी ठरलेली ओळ टंकली. 'ऱ्य' नीट आला, 'ॲ' आला, 'ल'ची पाकळी जागेवर होती.

त्या यंत्रावर आता वाचनालयाची पुस्तकसूची चढवण्याचे काम चालते. चार हजारांवर पुस्तके आहेत, त्यांची नोंद जुन्या वह्यांत, काही पाने उधईने खाल्लेली. संध्याकाळी ज्याला मोठ्या यंत्रांवर पाळी मिळत नाही, तो तिसऱ्यावर बसून वीस नावे टंकतो. टंकलेखनाचा सराव होतो आणि सूची पुढे सरकते. शुक्रवारी दादा ती पेन ड्राइव्हवर उतरवून घेतो.

९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियनची तेरावी आवृत्ती आली. तिच्यात ३२ बिटांच्या यंत्रांसाठी प्रणाली बसवण्याचा संच नाही. बाराव्या आवृत्तीचा दीर्घकालीन आधार जून २०२८पर्यंत आहे. ही बातमी मी दादाला सांगितली, तेव्हा तो सूचीतल्या नोंदी तपासत होता. त्याने पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा पाहिला. सतराशे बारा पुस्तके झाली होती. बोटांवर थोडा हिशेब केला आणि म्हणाला, "होईल, ताई. फक्त नाटकांचं कपाट उद्यापासून घ्यायला हवं. तिथं उधई जास्त आहे."